उंचावरचं ऑफिस

कुठे काम करतोस असं कोणी विचारलं की तो आधी दोन बोटांनी शर्टाची कॉलर सरळ करायचा, मग मान किंचित वर उचलून आभाळाकडे एक नजर टाकायचा आणि म्हणायचा, "आपलं ऑफिस जरा उंचावर शे."

विचारणारा माणूस मनातल्या मनात एखाद्या इमारतीचा तिसरा-चौथा मजला उभा करायचा, तिथे टेबल-खुर्ची मांडायचा आणि समाधानाने पुढे जायचा. तो काही खोटं बोललेला नसायचा. आम्ही वीज कंपनीत लाइनवर अप्रेंटिस होतो आणि आमचं ऑफिस खरोखरच उंचावर होतं. फक्त त्याला मजले नव्हते, खांब होते.

असा माणूस तुमच्याही पाहण्यात आला असेल. आयुष्यात एक वाक्य खोटं बोलत नाही, पण खरं कधी पूर्ण सांगत नाही. तुम्ही जे ऐकायला आलेले असता ते ऐकून जायची सोय तो करून ठेवतो. हाताखाली किती माणसं, असं त्याच्या गावाहून आलेल्या एका मामाने विचारलं तेव्हा मी शेजारी उभा होतो. तो म्हणाला, "मोजली नाही मामा, पण अख्खं बमरोली हाताखाली दिसतं." एसी आहे का? हवा भरपूर आहे. खुर्ची कशी आहे? खुर्चीत बसायला वेळच मिळत नाही. मामा खूष होऊन गावी गेले आणि तिकडे भाचा साहेब झाल्याची बातमी पसरली.

तो खानदेशातला, म्हणून 'आहे'चं 'शे'. दहावीपर्यंत गावी शिकला आणि मग सुरतेत बमरोलीला काका-काकूंकडे राहायला आला. काका लूमवर, कापड विणायच्या कामाला. घर म्हणजे एक खोली आणि वर पत्र्याचा पोटमाळा. त्या पोटमाळ्यावर राहून त्याने आयटीआय केलं आणि माझ्यासोबतच त्याची अप्रेंटिस म्हणून निवड झाली. माझी गोष्ट उलटी होती. माझे बाबा बँकेत, बदलीने सुरतला आले आणि इथलेच झाले. मी इंजिनीअरिंगच्या डिप्लोमात दोनदा गटांगळ्या खाऊन आयटीआयच्या काठाला लागलेला. बाबा नातेवाइकांना सांगायचे, मुलाचं वीज खात्यात ट्रेनिंग चालू आहे. कसलं ट्रेनिंग, ते सांगायचे नाहीत. त्यामुळे त्याच्या बोलण्याला मी हसायचो खरा, पण आमच्या घरात तीच कला मोठ्या माणसांनाही येत होती.

पहिल्या दिवशी आम्ही सगळे जुने कपडे घालून गेलो होतो. तो आला पांढऱ्याशुभ्र, कडक इस्त्रीच्या शर्टात, खिशाला पेन लावून. आमचे लाइनमन सुरतेचेच, सगळे त्यांना काका म्हणायचे. त्यांनी त्याच्याकडे आपादमस्तक पाहिलं आणि विचारलं की साहेब, इन्स्पेक्शनला आलात का. तेव्हापासून तो साहेब झाला तो झालाच. पण त्याने शर्ट सोडला नाही. रोज इस्त्रीच्या कपड्यांत यायचा, स्टोअरमध्ये वायरच्या भेंडोळ्यांमागे जाऊन खाकी चढवायचा आणि संध्याकाळी हातपाय धुऊन, भांग पाडून, पुन्हा पांढरा होऊन घरी जायचा. गल्लीने त्याला खाकीत कधी पाहिलंच नाही. खिशातल्या पेनात रिफिल नव्हती, हे मला तीन महिन्यांनी कळलं. फॉर्म भरायला मागितलं तर म्हणाला, "हे लिहायचं नाही, लावायचं आहे."

चढायला मात्र त्याच्यासारखा कोणी नव्हता. मी पहिल्यांदा चढलो तेव्हा अर्ध्यावर अडकलो. हात खांबाला आणि गाल हाताला चिकटलेला. खालून काका गुजरातीत समजावत होते, ते एक अक्षर डोक्यात शिरत नव्हतं. तेवढ्यात तो शिडीने माझ्या बाजूला येऊन पोचला आणि घरी चहाला आल्यासारखा गप्पा मारायला लागला. डाव्या हाताला जी गच्ची दिसते तिथे एक बाई रोज याच वेळी पापड वाळत घालते, आज कुठे गेली असेल, असं काहीतरी. मी मान वळवून पाहिलं. बाई नव्हती, पापडही नव्हते, पण माझा गाल हातावरून सुटला होता. मग म्हणाला की आता खाली बघू नको, वर बघू नको, फक्त माझ्या बुटाकडे बघ आणि मी ठेवतो तिथे पाय ठेव. मी उतरलो. त्याने ही गोष्ट ऑफिसात कोणाला सांगितली नाही. म्हणजे सांगितली, पण अशी, की "आज आम्ही दोघं वर बराच वेळ बसलो होतो."

एका बाबतीत काका त्याच्यावर रोज डाफरायचे. लाइन बंद करून, परमिट घेऊन, अर्थिंग लावून काम सुरू झालं की काकांचा ठरलेला प्रश्न यायचा, "अल्या, पट्टो बांध्यो?" आणि वरून ठरलेलं उत्तर, "बांध्यो, काका." पट्टा बांधलेला असायचाच. कमरेला. पण त्या पट्ट्याचा दोर खांबाभोवतून घेऊन कडीत अडकवायचा असतो, म्हणजे हात सुटला तरी माणूस लटकून राहतो, खाली येत नाही. तो दोर याच्या पाठीमागे शेपटीसारखा लोंबत असायचा. काकांनी विचारलेलं बांधण्याबद्दल, अडकवण्याबद्दल नाही. इथेही तो खोटं बोललेला नव्हता. काकांचे डोळे अधू झालेले आणि ऊन डोळ्यांवर, त्यामुळे बऱ्याचदा खपून जायचं. दिसलंच तर काका शिव्या द्यायचे, मग तो कडी अडकवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शेपूट.

आमची अप्रेंटिसशिप निम्मी झाली असेल, तेव्हा त्याच्यासाठी स्थळ आलं. मुलगी सुरतेतलीच, त्यांच्याच भागातून आलेल्या घरातली. तिचे वडील पलसाण्याला कापडाच्या एका प्रोसेस हाउसमध्ये रंगखात्यात होते आणि ती स्वतः एका मोठ्या दुकानात साड्यांचा माल तपासायची. टेबलावरून कापड सरकत जायचं आणि धागा तुटलेला, रंग उतरलेला, छपाई सरकलेली अशा जागी ती खडूने खूण करायची. दोष काढणं हा तिचा पगारी धंदा होता. मी त्याला म्हटलंही की जरा जपून. पण तो तेव्हा हवेत होता. मुलगी पाहायला गेला तेव्हा ऑफिसबद्दल विचारणं झालं, कॉलर सरळ झाली आणि नेहमीचं वाक्य पडलं. तिच्या वडिलांना मुलगा आवडला.

त्यानंतर एका आठवड्याने, भर दुपारी, तिचे वडील आणि तिचे मामा आमच्या ऑफिसच्या दारात उभे राहिले. जाता जाता मुलाचं ऑफिस बघून जावं, एवढाच हेतू. मी नेमका आत सामानाची नोंद करत होतो. ऑफिस म्हणजे तळमजल्यावर दोन खोल्या, बाहेर शिड्या आणि जळके फ्यूज. वडिलांनी खोल्यांना कुठे जिना आहे का ते पाहिलं. मी त्यांना पाणी दिलं, बसवलं आणि साहेब बाहेर गेलेत असं सांगितलं. ही कला आता मलाही लागली होती. पण शेजारच्या क्लार्कने मान वर न करता सांगून टाकलं की तो ना, तो मिलच्या मागच्या गल्लीत पोलवर आहे, सकाळपासून.

मामांना वाटलं पोलवर म्हणजे कसलीतरी पाहणी. चला, तिथेच भेटू, असं म्हणून ते उठलेच. रस्ताभर मी काहीतरी बोलत राहिलो, काय ते आठवत नाही.

गल्लीत माणसं जमली होती. काका खाली सामान वर पाठवायचा दोर धरून उभे, आणि वर, दोन खांबांवर बसवलेल्या ट्रान्सफॉर्मरच्याही वर, खाकीतला साहेब. एक पाय आडव्या लोखंडावर, एक हात वर, दुसऱ्या हातात पक्कड. मागे शेपूट लोंबत होती. त्याने मला पाहिलं, माझ्या मागे कोण आहे ते पाहिलं आणि क्षणभर त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला. मग सावरून म्हणाला, "बसा, बसा. आलोच दोन मिनिटांत."

मामा हसायला लागले. आपण मुलाचं ऑफिस बघितलं बुवा, चांगलं हवेशीर आहे, असं काहीतरी म्हणाले. मला वाटलं वडील आता संतापतील, फसवणूक म्हणतील, चार लोकांत तमाशा होईल. वडील बाजूच्या ओट्यावर जाऊन खांबाकडे पाठ करून बसले. हातातली पिशवी त्यांनी मांडीवर घट्ट धरून ठेवली होती आणि ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. मी जवळ जाऊन त्यांना म्हटलं की तो साहेब नसला तरी मुलगा चांगला आहे, उद्या नोकरीही कायमची होईल.

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "माले साहेब नको व्हता, भाऊ. सांजले घर येनारा मानूस पाहिजे व्हता."

मग तुटक तुटक बोलत गेले. त्यांच्या खात्यात भट्टीजवळ काम करणारी, जोराच्या वाफेजवळ काम करणारी माणसं त्यांनी आयुष्यभर पाहिली होती. काही संध्याकाळी घरी गेली नव्हती. त्यांचा स्वतःचा डावा हात कोपरापर्यंत भाजलेल्या कातडीचा होता, तो पूर्ण बाहीच्या शर्टात झाकलेला होता, बोलताना त्यांनी बाही सरकवून दाखवला. ऑफिस म्हटल्यावर त्यांना टेबल-खुर्चीचा मान दिसला नव्हता. खुर्चीवरून माणूस पडत नाही, एवढंच दिसलं होतं.

तो खाली उतरेपर्यंत ते थांबले नाहीत. त्याने, ट्रॅक्टरच्या मागे पोरांनी धावावं तसं, गल्लीच्या तोंडापर्यंत धावून पाहिलं, पण रिक्षा निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी तो बिनइस्त्रीच्या शर्टात आला. काकांनी साहेब म्हणून हाक मारली नाही. दुपारी डबा खाताना मला म्हणाला की मी काय खोटं सांगितलं होतं, तूच सांग. मला सांगता येईना, कारण मी त्याच्या वाक्यांत खोटं कधी शोधलंच नव्हतं, हसण्यापुरती ती वापरली होती. वडील काय म्हणाले ते मात्र मी त्याला शब्दाला शब्द सांगितलं. त्याने डब्याचं झाकण लावलं. भाकरी अर्धी राहिली होती.

चार-पाच दिवसांनी ती स्वतः आली. सोबत एक मैत्रीण, दोघींच्या गळ्यात दुकानाची ओळखपत्रं, जेवणाच्या सुट्टीतून आलेल्या. आमच्याकडे बायका येतात त्या बिलाची तक्रार घेऊन, त्यामुळे क्लार्कने आपोआप तक्रारीचं रजिस्टर पुढे केलं. तिने ते बाजूला सरकवलं आणि याच्यासमोर उभी राहिली. तुमचा तो पट्टा कुठे आहे, दाखवा, म्हणाली.

तो आतून पट्टा घेऊन आला आणि कमरेला बांधून उभा राहिला. आम्ही सगळे रजिस्टरांत डोकं घालून ऐकत होतो. तिने कापड तपासावं तसा तो पट्टा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाताने चाचपला आणि मागे लोंबणाऱ्या दोराशी येऊन थांबली.

"ही कडी कशासाठी?"

"खांबाभोवती दोर घेऊन अडकवायची असते."

"मग त्या दिवशी अडकवलेली का नव्हती? बाबांनी पाठ केली, पण आधी एकदा पाहिलं होतं."

"घाई असते."

"कोणाला?"

मी त्याच्याकडे बघत होतो. असं एखादं वाक्य येईल, खरंही आणि निसटतंही, याची मी वाट बघत होतो. आलं नाही. कॉलरकडे गेलेला हात अर्ध्यातून परत आला. तो म्हणाला, "कोणालाच नाही."

तिने मान हलवली. जणू कापडावर जिथे खूण करायची होती ती जागा सापडली. मग तिने सरळ सांगितलं की तुम्ही खांबावर चढता याचं मला काही नाही, कोणीतरी चढल्याशिवाय आमच्या दुकानातले दिवे लागत नाहीत. पण जमिनीवरूनच दोर अडकवून चढणार असाल तर बाबांशी मी बोलते. वर गेल्यावर नाही, जमिनीवरून. आणि मला विचारल्यावर पूर्ण वाक्य सांगायचं. एवढं बोलून ती गेली, कारण सुट्टी संपत आली होती.

लग्न उन्हाळ्यात झालं. वडिलांनी आशीर्वाद देताना त्याच्या डोक्यावर हात ठेवला तो बराच वेळ काढलाच नाही, मागे रांग खोळंबली.

त्यानंतर आमच्या तुकडीचं काम हळू झालं. आम्ही सगळे मोकळे चढायचो आणि वर पोचल्यावर कडी लावायचो. तो जमिनीवर उभा राहून दोर खांबाभोवती घ्यायचा, कडी अडकवायचा, दोन हिसके द्यायचा आणि मग दोर वर सरकवत, एक पाऊल टाकत, पुन्हा सरकवत चढायचा. काका घड्याळ बघायचे. वर्षभर पट्टा अडकव म्हणून ओरडणारे काका आता म्हणायला लागले की अरे बाबा, उरक. मी विचारलं, हिसके दोन कशाला? म्हणाला, "एक तिचा, एक सासऱ्यांचा." माझ्यासाठी एकही नाही का, असं मी विचारायला हवं होतं. पण तेव्हा सुचलं नाही.

कायमच्या भरतीसाठी खांबावर चढण्याची परीक्षा असते. मैदानात खांब रोवलेले असतात, साहेब लोक हातात घड्याळ धरून उभे असतात आणि ठरलेल्या सेकंदांत वर पोचायचं असतं. वर गेल्यावर कडी लावली तरी चालते, नियम तसाच होता. परीक्षेपुरता तो मोकळा चढेल असं धरून आम्ही सगळे म्हणायचो की याचं काम झालंच, आपलं काय ते बघा. शिट्टी वाजली. मी शेजारच्या खांबावर माकडासारखा, ओरबाडत, कसाबसा वर पोचलो आणि पहिल्यांदा बाजूला पाहिलं. तो खांबाच्या मध्यावर होता. दोर सरकवत होता, पाऊल टाकत होता, पुन्हा सरकवत होता. शांतपणे. त्याच्या खालचा साहेब घड्याळाकडे बघून मान हलवत होता.

मी पास झालो. तो थोडक्या सेकंदांनी राहिला.

परतताना बसमध्ये मी त्याला वेड्यासारखा बोललो. एक दिवस, फक्त एका खांबापुरता, मोकळा चढला असतास तर काय बिघडलं असतं? कोण बघायला आलं होतं? तो खिडकीबाहेर बघत होता. म्हणाला की शिट्टी वाजली तेव्हा डोक्यात तेच होतं, पण हात आधी दोराकडे गेले. मग थोड्या वेळाने माझ्याकडे वळून म्हणाला की तिला हे सांगायचं नाही. तिला वाटेल तिच्यामुळे झालं.

घरी जाऊन त्याने काय सांगितलं ते मी ऐकलं, कारण मी दारातच होतो. ती चहाचं आधण ठेवून उभी होती. तो म्हणाला, "थोडक्यात राहिलं. माझ्यापेक्षा चपळ पोरं होती." पूर्ण वाक्य सांगायचं वचन दिलेला माणूस आपल्या जुन्या कलेकडे त्या एका संध्याकाळपुरता परत गेला होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी चपलेचा पट्टा नीट करायला वाकलो. दोष ओळखणारी बाई होती ती. तिने फक्त चहात साखर जरा जास्त टाकली.

अप्रेंटिसशिप संपल्यावर काही महिने त्याने सुरतेजवळ इच्छापोरला एका कारखान्यात वायरिंगचं कंत्राटी काम केलं. दहावीचे कागद गावचे असल्यामुळे पुढच्या भरतीला तिकडे, खानदेशात अर्ज केला आणि निवडला गेला. तिकडे म्हणे चढताना घड्याळापेक्षा पद्धत बघणारा एक म्हातारा परीक्षक होता. म्हणे, कारण हे मला त्यानेच सांगितलं. ती दोघं सामान घेऊन निघाली तेव्हा मी ड्यूटीवर होतो. नंतर बमरोलीत त्या गल्लीत गेलो तर पोटमाळ्यावर दुसरंच कोणी राहायला आलेलं. काकूंनी एक पिशवी माझ्या हातात दिली, तो तुझ्यासाठी ठेवून गेला म्हणाल्या. आत एक पांढरा शर्ट, कडक इस्त्रीचा. मला तो खांद्यात घट्ट होतो.

मागच्या महिन्यात दुपारी त्याचा फोन आला. मी एका झाडाखाली डबा उघडून बसलो होतो. मुलगी झाली, सासरे तिकडे येऊन राहिलेत, पाळण्यापासून हलत नाहीत, असं सगळं भराभरा सांगत होता. मागे वारा जोरात होता, शेतातला वारा असावा. मध्येच कोणीतरी त्याला हाक मारली. थांब, जरा बोलतो, म्हणाला आणि फोन बंद न करताच खिशात टाकला.

मी हॅलो हॅलो केलं. नुसती त्याची पावलं, कोणा बाईचं मोटर बंद पडल्याचं गाऱ्हाणं, लाइन बंद असल्याची त्याने दोनदा करून घेतलेली खात्री. मग कडीचा खट असा आवाज. मग दोर खांबावरून सरकल्याचा, घस्स. थोडा थांबून पुन्हा घस्स. त्याचा श्वास. मग सरकणं थांबलं आणि राहिला फक्त वारा.

डबा तसाच होता. आमच्या तुकडीतला एकजण म्हणाला की फोन ठेव ना, जेवून घे, लागलेलाच राहिलाय तो. मी मान हलवली आणि फोन कानाला लावून बसलो. बऱ्याच वेळाने घस्स घस्स पुन्हा सुरू झालं, या वेळी जरा भराभर. मग मातीवर बूट टेकल्याचा आवाज आला.

तेव्हा मी फोन बंद केला.